लांब पायांचा कोळी: ॲपने सांगितलेल्या जातीवर जाऊ नका

बाथरूमच्या छतावरच्या कोळ्याचा फोटो टाकून तुम्ही विचारलंय की फोटोवरून जात ओळखणाऱ्या ॲपने दिलेलं नाव बरोबर आहे का. हा कोळी लांबपायांच्या फोल्सिडी कुळातलाच, तिथे ॲपचं चुकलेलं नाही. पण त्याने पुढे जे ‘फोल्कस फॅलँजिऑइडिस’ ठोकून दिलंय ते मला पटत नाही. आपल्याकडे घरात जळमटं काढताना हाती लागतो तो बहुतेक वेळा क्रॉसोप्रायझा लायोनी. कोळ्यांचे अभ्यासक ब्लॅकवॉल यांनी १८६७ साली नाव दिलेली जात.

फरक पोटात आहे, आणि तो बाजूनेच दिसतो. फोल्कसचं पोट लांबट, नळीसारखं, गुळगुळीत. क्रॉसोप्रायझाचं उंच, कोनदार, मागे वरच्या अंगाला टेंगूळ आल्यासारखं टोक. गंमत अशी की हे कोळी जाळ्यात उलटे लटकतात. आपण खालून फोटो काढतो तेव्हा त्यांची पाठ दिसते आणि ते टोक थेट कॅमेऱ्याकडे येतं, म्हणून दिसतच नाही. तुमच्या फोटोत नेमकं हेच झालंय. मात्र पायांवरचे बारीक काळपट ठिपके आणि सांध्यांजवळचे पांढुरके पट्टे दिसताहेत, म्हणून माझा कल क्रॉसोप्रायझाकडे.

आणखी दोन भिडू लक्षात ठेवा. पोट जवळजवळ गोल आणि कोळी चांगलाच थोराड असेल तर आर्टेमा अटलांटा. पोट लांब पण त्यावर गडद नक्षी असेल तर स्मेरिंगोपस. वर्गीकरणात क्रॉसोप्रायझा आणि स्मेरिंगोपस एकाच उपकुळात येतात, फोल्कस दुसऱ्या, आर्टेमा तिसऱ्या. म्हणजे दिसायला सख्खे वाटले तरी फोल्कस इथे चुलतभाऊच. जात पक्की करायची तर पूर्ण वाढलेल्या नराचे जबडे आणि तोंडाजवळचे स्पर्शपाद भिंगाखाली बघावे लागतात. पिल्लांवरून ठरवायच्या फंदात पडू नका.

कुणीतरी वरच्या प्रतिक्रियेत याला ‘हार्वेस्टमन’ म्हटलंय, म्हणजे कोळ्यासारखाच दिसणारा एक लांब पायांचा जीव. तो कोळीच नव्हे: त्याला कंबर नसते, शरीर एकसंध गोळीसारखं असतं, आणि तो जाळं विणत नाही. तुमचा जाळ्यात आहे, धक्का लागताच गरगर घुमतो असं तुम्हीच लिहिलंय. विषाची भीती सोडा, माणसाला काही होत नाही. उलट हा डास खातो.

आता बाजूने, छताच्या पातळीवरून एक फोटो टाका. स्टुलावर चढावं लागेल. मादी तोंडात अंड्यांची पुडी धरून असेल तर तिला हलवू नका, तशीच टिपा.