१३ वर्षांच्या फ्रिजचा ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणतात. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की फ्रिज १९० लिटरचा, सिंगल डोअर. आतला दिवा लागतो पण थंड होत नाही. मेकॅनिकने पाच मिनिटांत ‘कॉम्प्रेसर गेला’ सांगून साडेसहा हजार मागितले. सासूबाई म्हणतात जुनाच बरा, मिस्टरांनी मात्र दुकानात जाऊन रंगसुद्धा पसंत केलाय.

मी दोन्ही बाजूंनी हात पोळून घेतलेत, म्हणून सांगते. फ्रिज किती वर्षांचा झाला हे आत्ता बाजूला ठेवा. आधी नेमकं काय बिघडलंय ते कळू द्या. पाच मिनिटांत ते कळत नाही.

आमच्या फ्रिजचंही पहिल्यांदा हेच झालं होतं. कॉम्प्रेसर गेला, नवा टाकावा लागेल, नाहीतर एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. त्या रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर मागून ‘टक’ असा आवाज आला. थोडी घरघर, पुन्हा ‘टक’, मग शांत. चार-पाच मिनिटांनी परत तेच. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर मेकॅनिक बसायचे, त्यांना नुसता आवाज सांगितला तर म्हणाले, “ताई, कॉम्प्रेसर चालू व्हायला धडपडतोय. रिले, म्हणजे त्याला चालू व्हायला धक्का देणारा छोटा पार्ट, बघावा लागेल.” त्यांनी मागचं झाकण काढलं, कॉम्प्रेसरच्या तीन पिनांवर मल्टिमीटर लावला. कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग अशा त्या तीन पिना. रनिंग-स्टार्टिंगमधलं रीडिंग बाकीच्या दोन रीडिंगच्या बेरजेइतकं आलं आणि पिनांपासून बॉडीला करंट उतरत नसला, तर आतलं वाइंडिंग (मोटरची तारांची गुंडाळी) शाबूत. आमचं शाबूत होतं. रिले हातात घेऊन हलवला तर आत काहीतरी खुळखुळत होतं. रिले आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसर फार तापला की करंट तोडणारा पार्ट) असे दोन्ही बदलून साडेपाचशे रुपयांत काम झालं. त्यावर फ्रिज पुढे अडीच वर्षं चालला.

तेव्हा आज रात्री घर शांत झाल्यावर फ्रिजमागे कान देऊन बसा. ‘टक’ ऐकू येतं का? की कॉम्प्रेसर अजिबात हूं की चूं करत नाही? मग थर्मोस्टॅट (थंडावा बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) गेलेला असू शकतो, आणि तोही काही महागाचा पार्ट नाही. की कॉम्प्रेसर तासन्‌तास चालूच आहे, हाताला गरम लागतो, पण फ्रीझरमध्ये बर्फाचं नाव नाही? तसं असेल तर बहुतेक गॅस गेलाय, आणि खरी गोम तिथेच आहे.

गॅस ‘संपत’ नाही हो. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. गेला म्हणजे कुठेतरी भोक आहे. हे मला दुसऱ्या खेपेला अडीच हजार घालवून कळलं. तेव्हा ते वयस्कर मेकॅनिक गावी गेलेले. दुसरा आला, त्याने गॅस भरला, फ्रिज छान गार झाला, मीही खूश. चार महिन्यांनी आइस ट्रेमध्ये पुन्हा पाणीच. त्याने गळती शोधलीच नव्हती. आता मी आधी विचारते: लीक कुठे आहे ते दाखवा, मग भरा. साबणाच्या फेसात बुडबुडा दिसतो, त्यात काही जादू नाही.

आणि निर्णयही मी त्या भोकाच्या जागेवरच घेते. भोक मागच्या नळीच्या जोडावर असेल तर डोळे झाकून दुरुस्त करा. फ्रीझरच्या डब्याला असेल (बर्फ खरवडायला कुणी सुरी किंवा उलथनं घातलं होतं का, घरात प्रेमाने विचारा, आमच्याकडे अजून कुणी कबूल झालेलं नाही), तर तो डबा बदलता येतो किंवा सांधता येतो. पण नळी भिंतीच्या आत, फोममध्ये गळत असेल तर १३ वर्षांच्या फ्रिजवर मी खर्च करणार नाही. काही जण आतली नळी बाद करून मागे बाहेरून जाळी बसवून देतात, पण ते फक्त कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणारी) नळी गळत असेल तर. आमचं असंच आत गळत होतं, तिथे मी थांबले आणि नवा घेतला.

कॉम्प्रेसर खरंच जळालेला निघाला तर साडेसहा हजारांत काय काय येतं ते विचारा. नव्या कॉम्प्रेसरबरोबर फिल्टर बदलायलाच हवा आणि गॅस भरण्याआधी पंप लावून व्हॅक्यूम करायलाच हवा. नाहीतर आत राहिलेल्या दमट हवेतलं पाणी कॅपिलरी नावाच्या बारीक नळीत गोठतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरवर ‘आर-६००ए’ असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे, खिडक्या बंद ठेवून नळ्या सांधायचा ज्योतीचा टॉर्च पेटवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जुना कॉम्प्रेसर घेऊन जाणार असेल तर त्याचे पैसे वजा करायला सांगा, भंगारात त्याला भाव असतो. एवढं सगळं करून पावती आणि निदान वर्षाची हमी मिळत असेल, बॉडी गंजलेली नसेल, दाराचं रबर घट्ट असेल, तर विचार करण्यासारखं आहे. रबर बघायला दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलं.

विजेचं म्हणाल तर दुकानदार ‘नव्याने बिल अर्धं होतं’ म्हणतात. मी मोजलं होतं. गावाला जाताना फक्त फ्रिज चालू ठेवून मीटरचा फोटो काढला, चार दिवसांनी परतल्यावर दुसरा काढला. सहा युनिट. म्हणजे दिवसाला दीड, वर्षाला साडेपाचशेच्या आसपास, तेही दार एकदाही न उघडता. नव्याच्या लेबलवर वर्षाला १७५ लिहिलंय. फरक ३७०-३७५ युनिट, आठ रुपयांनी धरलं तर तीन हजार. नवा सोळा हजारांना पडला, म्हणजे नुसत्या विजेतून वसूल व्हायला पाच वर्षं. धडधाकट फ्रिज एवढ्यासाठी मी काढला नसता. पण एरवीही सहा-सात हजार घालायचेच असतील, तर हे तीन हजार नव्याच्या पारड्यात जातात. फक्त जुन्यावरचे तारे बघून तुलना करू नका. तारे देण्याचे निकष मधून मधून कडक होत गेलेत, तेव्हाचे पाच म्हणजे आजचे पाच नव्हेत. लेबलवरचा युनिटचा आकडा बघा.

म्हणून रिले किंवा थर्मोस्टॅट निघाला तर सासूबाईंचं ऐका. आत गळती निघाली तर मिस्टरांचं. कॉम्प्रेसर निघाला आणि साडेसहा हजारांवर मेकॅनिक अडून बसला, तर मीही मिस्टरांच्या बाजूने. फक्त जुना फ्रिज ‘असू दे बाटल्यांना’ म्हणून गॅलरीत ठेवू नका. आमच्या काकूंनी आमचा गावी नेला आणि त्यात पापड-सांडगे भरून ठेवलेत. वायर कापून टाकलीय, त्यामुळे बिल शून्य.