फ्लो कुणाच्या लॉगिनवर चालतोय ते आधी बघ

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात पॉवर ऑटोमेट (कामं आपोआप करणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) लावतोयस, चांगलंय. ऑर्डरचा मेल आला की एक्सेलमध्ये ओळ पडायची, डिस्पॅचला निरोप जायचा, आपोआप चालणारी ही साखळी म्हणजे फ्लो. तेवढं पटकन जमेल. पण फ्लोचा मालक वेगळा आणि त्यातलं कनेक्शन (ज्या लॉगिनने फ्लो मेल, फायली उघडतो ते) वेगळं, इथंच नवी पोरं फसतात. अजून दोघांना सहमालक केलंस तरी आउटलूकचं कनेक्शन तुझ्याच लॉगिनवर चालतं. ते दोघं हे कनेक्शन त्या फ्लोत वापरू शकतात, पण त्यातलं लॉगिन बदलू शकत नाहीत. उद्या तू पुण्याला नोकरी धरलीस (सोलापूरची पोरं जातातच) आणि तुझं खातं बंद झालं, की फ्लो अडकला. सलग १४ दिवस फेल होत राहिला तर तो आपोआप बंदही पडतो.

म्हणून शेटना सांगून ऑफिसच्या नावाचं वेगळं खातं घे आणि कनेक्शन त्यावर जोड. लायसन्सच्या खर्चावरून कुरकुर होईल, तरी हट्ट धर. मात्र त्या खात्याला सगळ्या फायली उघड्या करू नकोस, पगारपत्रक तर नाहीच. त्या कनेक्शनला जे दिसतं ते फ्लोतून सहमालकाच्याही हाती लागतं. आणि पासवर्ड बदलल्यावर कनेक्शन पुन्हा जोडायचं काम कुणाचं, हे आजच ठरवून घे.