शेगडी अंगणात शेका, झोपायच्या खोलीत नको

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही निफाडजवळच्या खेड्यात राहतो, घर जुनं आहे, खाली शहाबादी फरशी. थंडीत इथे पारा ५-६ अंशांवर येतो. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात म्हणून त्या रात्री कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार-खिडकी लावून झोपतात. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, तिथून गार वारं येतं म्हणून मी खिडकीला पुठ्ठा लावलाय. परवा मुलगा अंघोळ करून आला आणि डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत पडून राहिला. पित्त असेल का? गोधड्यांना कुबट वास येतोय आणि दही पण लागत नाहीये, त्याचंही सांगा.

उत्तर : आधी उठा, तो पुठ्ठा काढा, मग पुढचं वाचा.

पित्त असेलही, पण मला ते पित्त वाटत नाहीये. गॅस असो की कोळसा, जळायला हवा लागते, बंद जागेत ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि त्याला ना रंग ना वास. सिलिंडर लीक झाला तर कळतं कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो, हा मात्र कळतच नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ह्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतं, म्हणून डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते आणि माणूस कडी उघडायच्या आधीच खाली बसतो. माझी मावसबहीण अशीच सापडली होती, नळ चालू, बादली भरून वाहतेय, आणि ही भिंतीला टेकून बसलेली. दार तोडून ओट्यावर आणली म्हणून वाचली, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

मुलाला डॉक्टरांकडे न्याच आणि गॅस गिझर आहे हे स्वतःहून सांगा. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतल्या भिंतीवर बसवून घ्या, आत फक्त पाण्याचा पाइप. तोपर्यंत पाणी बाहेर तापवून बादलीने न्या. ज्योत निळी पाहिजे, पिवळी दिसली तर बर्नर साफ करून घ्या. मुलांना आतून कडी लावू देऊ नका. कोणी आतून ओ देत नसेल तर आधी दार उघडून माणसाला बाहेर काढा, गॅस बंद करा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता सासूबाई. तुमच्याकडे द्राक्षबागेत थंडीच्या रात्री शेकोट्या करतात ना, तिथे वर मोकळं आभाळ असतं, खोलीत वर छत आहे. राख धरलेला निखारा विझल्यासारखा दिसतो पण आत धुमसतच असतो, म्हणून "विझत आलीये, राहू दे" हे चालणार नाही. संध्याकाळी त्यांना अंगणात तासभर मनसोक्त शेकू द्या, मग शेगडी बाहेरच राहू दे. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब घ्या, खाली जाड सतरंजी टाका, दाराच्या फटीला जुनं लुगडं गुंडाळून लावा. पायाशी गरम पाण्याची पिशवी द्या पण टॉवेलात गुंडाळून, शुगर असेल तर पायाला चटका बसलेला कळत नाही. खिडक्या दुपारी उघडायच्या, ऊन आत घ्यायचं आणि सूर्य कलायच्या आधी लावायच्या, भिंती बऱ्यापैकी उबदार राहतात.

गोधड्यांना दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा, मधे एकदा उलटा, आणि घरात आणल्यावर लगेच घडी घालू नका, थोडा वेळ तशाच पसरून ठेवा, नाहीतर वास परत येतो. ठेवताना वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला, डांबरगोळ्या नकोत, घरात लहान बाळ असेल तर अजिबातच नकोत.

दह्याला दूध नेहमीपेक्षा जरा जास्त कोमट घ्या, बोट बुडवून सुखाने ठेवता येईल एवढं, विरजण थोडं वाढवा आणि भांडं पिठाच्या डब्यात नाहीतर जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवा. लागायला वेळ लागेल, मधेमधे हलवून बघू नका.