हे तर काहीच नाही!

"मी सगळ्यांसाठी एवढं करते, तरी माणसं माझ्यापासून लांब का जातात?" समुपदेशनाला येऊन, समोरच्या खुर्चीत बसून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की हल्ली पहिल्या वाक्यावरून पुढचं ओळखता येतं.

त्यातल्याच एक बाई. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बहीण फोन आवरता घेते, मुलगी काही सांगत नाही, ऑफिसातल्या मैत्रिणी त्यांना पाहून विषय बदलतात. पहिल्या तीन भेटींत त्यांनी या सगळ्यांचे स्वभाव मला नीट समजावून सांगितले.

चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, "दमलेल्या दिसता."

मी खरं ते सांगितलं. "काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही."

"हे तर काहीच नाही! मी गेली दोन वर्षं..." पुढची पाच मिनिटं त्यांच्याच झोपेची.

मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी झोप लागली नाही म्हणाले. त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"हे तर..." एवढंच आलं. पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मी गप्प राहिले. पूर्वी अशा वेळी मी घाईने समजवायला लागायचे. गप्प बसायला फार वर्षांनी जमलं.

"मुलीची नोकरी गेली तेव्हाही मी हेच म्हणाले," त्या हळूच म्हणाल्या. "पण मला तिला धीर द्यायचा होता हो!"

"तुमचा हेतू तुम्हाला दिसतो. तिला फक्त वाक्य ऐकू येतं."

डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथे, म्हणजे अंध बिंदूपाशी, प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तरी आपल्याला समोर काळं भोक दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं पाहून ती जागा भरून टाकतो. स्वभावातला अंध बिंदूही मला तसाच वाटतो. उणीव दिसत नाही, कारण तिथे आपला चांगला हेतू आधीच भरलेला असतो. म्हणूनच एकट्याने केलेल्या आत्मपरीक्षणावर माझा फारसा विश्वास नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये मांडलेल्या 'जोहारी खिडकी' या स्वतःला ओळखण्याच्या आकृतीत एक कप्पा इतरांना दिसणाऱ्या पण आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टींचा आहे. तो उघडायला दुसरा माणूस लागतोच.

पण त्याला "माझं काय चुकतं?" असं विचारू नका, "काही नाही गं" हेच उत्तर मिळेल. "माझ्याशी बोलताना तुला कुठे गप्प बसावंसं वाटतं?" असं विचारा. उत्तर आलं की खुलासा करायचा नाही. जीभ शिवशिवेल. "अजून सांग," एवढंच म्हणायचं. आणि एकाच माणसाचं बोलणं लगेच मनाला लावून घेऊ नका. कधी कधी दोष सांगणाऱ्यालाच तुम्ही दबलेले हवे असता. एकमेकांशी संबंध नसलेले दोघं-तिघं तेच म्हणाले, तर मात्र थांबून बघा.

बाईंनी बहिणीला विचारलं. उत्तर ऐकून दोन दिवस रडल्या, माझ्यावरही चिडल्या. सवय काही लगेच गेली नाही. वाक्य तोंडातून निघून गेल्यावर लक्षात यायचं, मग अर्ध्यात, मग कधीतरी आधी.

शेवटच्या भेटीत निघताना त्या दाराशी थांबल्या.

"त्या रात्री तुम्हाला झोप का लागली नव्हती?"