जुन्या गाडीला घरीच १००/९० वॅटचे हेडलाइट बल्ब बसवता येतील का?

बसतात सहज, पण मी सांगेन की बसवू नका. मूळ एच-४ (दोन फिलामेंटचा हॅलोजन) बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला (लांबचा झोत) ६० आणि लो बीमला (जवळचा झोत) ५५. १०० वॅटला १२ व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर करंट लागतो, तोही एका बल्बला. माझ्या गाडीचा होल्डर त्यानेच वितळला. काढला तेव्हा प्लास्टिक तपकिरी पडून पिनांना चिकटलं होतं. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात.

उजेड कमी पडतोय ना? मग बल्ब ६०/५५चाच ठेवा आणि फ्यूजसह रिले किट टाका, म्हणजे गाडीच्या स्विचने फक्त रिले चालू होतो आणि बल्बचा करंट वेगळ्या जाड वायरने येतो. बॅटरीतून थेट पूर्ण व्होल्टेज मिळालं की त्याच बल्बचा उजेड स्पष्ट वाढतो. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर आधी ती पॉलिश करून घ्या.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डाग पडला की तिथे काच तापून बल्ब लवकर जातो. मागचं रबर नीट दाबून बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत वाफ धरते. शेवटी भिंतीसमोर गाडी लावून लो बीम जुळवा.