गाडी एकाची, रूळ दुसऱ्याचे: तक्रार नेमकी कोणाकडे करायची?

तुमचा प्रश्न असा: मुंबई-नांदेड गाडी मनमाडच्या पुढे रोज रखडते, डब्यात पाणी नसतं, मुंबईत निवेदन दिलं तर 'हा आमचा विषय नाही' असं उत्तर मिळालं. मग ही रेल्वे आहे तरी कोणाची?

ते उत्तर ऐकून चीड येते हे खरं, पण त्यात तथ्य आहे. भारतीय रेल्वे एकच असली तरी प्रवासी गाडी चालवण्याचं काम झोननिहाय वाटलेलं आहे. वर दिल्लीत रेल्वे बोर्ड, खाली झोन म्हणजे मध्य, पश्चिम, दक्षिण मध्य वगैरे आणि त्याचा प्रमुख महाव्यवस्थापक. त्याखाली विभाग आणि त्याचा प्रमुख डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापक. रोजचा गाडा हाकतो तो विभाग. कुठली गाडी कुठे थांबवून कुठली पुढे काढायची, हे विभागाच्या कंट्रोल ऑफिसमध्ये ठरतं.

आता गंमत अशी की झोनच्या हद्दी आणि राज्यांच्या हद्दी यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. 1951 मध्ये जुन्या कंपन्या आणि संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून झोन पाडले, पुढे 2002-03 मध्ये 9 चे 16 केले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातून काय आलं बघा. मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर हे मध्य रेल्वेचे पाच विभाग. चर्चगेट-डहाणू पश्चिम रेल्वेकडे. नागपुरात दुसरा एक विभाग आहे, तो बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. गोंदिया त्यात येतं. मिरजेहून बेळगावकडे निघालात की हुबळीची दक्षिण पश्चिम रेल्वे सुरू होते. आणि नांदेड विभाग सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे वळलं की थोड्याच अंतरावर ही हद्द लागते. त्यापुढे गाडी रखडली तर मुंबईतला अधिकारी खरोखरच काही करू शकत नाही.

पण हे झालं रुळांचं. डब्यांचा हिशेब वेगळा. प्रत्येक गाडीला एक मालक झोन असतो. डब्यांची देखभाल, चादरी-ब्लँकेटं, धावत्या गाडीतली स्वच्छता, हे सगळं मालकाचं काम, गाडी कोणाच्याही हद्दीत असो. वाटेतल्या स्टेशनवर पाणी भरायचं काम मात्र त्या स्टेशनच्या रेल्वेचं. म्हणून पाण्याच्या तक्रारीत दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मालक ओळखायला गाडीचा नंबर बघा. लांब पल्ल्याच्या गाड्यांचा पहिला अंक 1 किंवा 2 असतो, आणि साधारणपणे दुसरा अंक झोन सांगतो. तपोवन 17617, त्यातला 7 दक्षिण मध्यचा. दुसरा अंक 2 असेल तर गाडी सुपरफास्ट, मग तिसरा अंक बघायचा: पंचवटी 12109, म्हणजे 1, मध्य रेल्वे. याला अपवाद भरपूर. कोल्हापूरची महालक्ष्मी 17411 आहे, पण ती चालवते मध्य रेल्वे. तेव्हा नंबरावरून अंदाज बांधा, शपथ घेऊ नका.

कोकणाची तऱ्हा आणखी निराळी. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर हा मार्ग ज्या कोकण रेल्वे कंपनीचा आहे ती 1990 मध्ये स्थापन झाली; केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ हे भागीदार. गणपतीच्या जादा गाड्या मध्य किंवा पश्चिम रेल्वे सोडते, त्या धावतात कोकण रेल्वेच्या रुळांवर, आणि तो मार्ग अजून बहुतेक एकेरी. रोहा-वीर एवढाच टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला. मग सावंतवाडीला पोचायला उशीर झाला की शिव्या मात्र सीएसएमटीला.

आयआरसीटीसीला लोक 'रेल्वे' समजतात, तेही चूक. ते तिकीट विकतात आणि जेवण पुरवतात. गाडी वेळेवर आणणं त्यांच्या हातात नाही. मुंबईची एमआरव्हीसी (मुंबई रेल्वे विकास महामंडळ) लोकलचे प्रकल्प उभारते, लोकल चालवते मध्य आणि पश्चिम रेल्वे. आणि गाडीत बॅग चोरीला गेली तर आरपीएफ, म्हणजे रेल्वेचं स्वतःचं सुरक्षा दल, मदत करेल, पण गुन्हा नोंदवतात लोहमार्ग पोलीस, जे राज्य सरकारचे.

नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा, ही मराठवाड्याची जुनी मागणी आहे. भावना मला पटते. सिकंदराबादच्या प्राधान्यक्रमात मराठवाडा वर नसतो, हे तिकडचा कोणीही प्रवासी सांगेल. पण नुसता झोन बदलून गाडी वेळेवर येईल असं मला वाटत नाही. मनमाड-परभणी पट्टा वर्षानुवर्षं एकेरी राहिला आणि मुंबईत नव्या गाडीला फलाट मिळत नाही, ही खरी दुखणी. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर कोणीतरी थांबणारच, आणि आधीच उशिरा आलेल्या गाडीला बहुतेक वेळा बाजूला काढतात, कारण वेळेवर असलेली गाडी बिघडवून कंट्रोलला काही मिळत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दोन तक्रारी वेगळ्या करा. रखडण्याचा अर्ज नांदेडच्या डीआरएमना, तारखा आणि नेमकी स्टेशनं लिहून. 'रोज लेट होते' एवढंच लिहिलेला कागद फाइलमध्ये जातो. पाणी आणि स्वच्छतेसाठी प्रवासातच 139 वर किंवा रेल मदद अ‍ॅपवर पीएनआर टाकून तक्रार करा, ती आपोआप संबंधित विभागाकडे वळते आणि तिचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक अर्जात जोडा. नवा थांबा हवा असेल तर तो मात्र डीआरएमच्या हातातला नाही, एक्स्प्रेसच्या थांब्याला मंजुरी रेल्वे बोर्डाची लागते. तिथे खासदारांचं पत्रच कामाला येतं.