सील बदलण्याआधी पुलीचे शू बघा

तुमचा प्रश्न असा: तीन मजली बिल्डिंगची हायड्रॉलिक लिफ्ट वर जाताना थरथरते, सिलिंडरच्या तोंडाशी तेल झिरपतं, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा ठेकेदार) पुन्हा सील (पिस्टनभोवती तेल अडवणारी रिंग) बदला म्हणतोय, तर बदलावं का आणि खर्च किती?

बदला. पण आधी गाईड शू, म्हणजे उभ्या रेलला धरून केबिन सरळ ठेवणारे तुकडे, तपासायला लावा. सील एवढ्या लवकर आपोआप जात नाही.

"हायड्रॉलिकला गाईडचं काय घेऊन बसलास, वजन सगळं पिस्टनवर असतं," हे आमच्या सुपरवायझर साहेबांचं ठरलेलं वाक्य. आज ते आठवलं तरी डोकं फिरतं. वजन पिस्टनवर असतं, मान्य. पण आपल्याकडच्या कितीतरी लिफ्टमध्ये पिस्टन केबिनखाली नसतो, बाजूला असतो, आणि केबिन पाठीवरच्या दप्तरासारखी एकाच अंगाने लटकते. तिला सरळ ठेवतात ते शू. वरचे एकीकडे ओढले जातात, खालचे उलट बाजूला दाबले जातात, त्यामुळे लायनर (शूच्या आतलं रेलवर घासणारं अस्तर) तिरका झिजतो. नुसतं वरवर बघून तो ठीकच दिसतो.

सांगलीत एका हॉस्पिटलची स्ट्रेचर लिफ्ट होती. रोप असलेली, पिस्टन एक मीटर सरकला की केबिन दोन मीटर जाते ती. सील बदललं, काही महिन्यांत पुन्हा तेल. परत बदललं, परत तेल. साहेबांनी सील बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. मी केबिनच्या टपावर चढून इन्स्पेक्शनवर (तपासणीच्या मंद वेगावर) लिफ्ट हळूहळू चालवायला लावली. पिस्टनच्या डोक्यावर रोपची पुली असते, आणि त्या पुलीच्या चौकटीलाही स्वतःचे गाईड शू असतात. केबिनचे शू सगळे बघतात, हे कोणी बघत नाही. रेलचा जोड आला की ती चौकट कचकन बाजूला जायची. पिस्टनच्या रॉडवर एकाच अंगाला उभी चकचकीत पट्टी पडलेली, नख फिरवलं तर अडकत होतं. शू उघडला तर लायनर संपून लोखंड रेलवर घासत होतं. डोकं डुलतंय म्हणजे रॉड तिरका दाबतोय. आधी आतली गाईड रिंग खाल्ली जाते, मग सील, मग रॉडवर ओरखडे. ओरखडे पडलेल्या रॉडवर नवं सील टाकलं की तो ते पुन्हा कापणारच. रॉड पॉलिश केला, लायनर टाकले, फिशप्लेटचे (रेलचे दोन तुकडे जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट सोडून जोड सरळ केला, मग सील बदललं. त्यानंतर तेल थांबलं. साहेबांनी रिपोर्टवर लिहिलं, "सील बदलले."

ग्रीसचंही तेच. रेल कोरडी दिसली की ग्रीसचा डबा घेऊन धावणारे मेकॅनिक मी पाहिलेत. ग्रीसवर धूळ बसते, तिची पेस्ट होते आणि ती लायनर खाते. शिवाय सेफ्टी गिअरचे (केबिन वेगाने खाली जाऊ लागली तर तिला रोखणाऱ्या यंत्रणेचे) जबडे त्याच रेलला पकडणार असतात, हे तरी लक्षात ठेवा. सरकणाऱ्या शूला ऑइलरमधून (शूवरच्या तेलाच्या डबीतून) रेल ऑइल, तेही पातळ थर. शूऐवजी रोलर असतील तर रेल कोरडीच हवी, तेलाने रोलरचं रबर फुगतं. पावसाळ्यात पिटमध्ये (शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात) पाणी साचतं, तेव्हा रेलचा तळ आधी गंजतो आणि तळमजल्यावरून निघताना खरखर येते. ती खरखर वेगळी, तुमची थरथर वेगळी.

खर्चाचा आकडा इथे बसून सांगत नाही, रॉडची अवस्था बघितल्याशिवाय तो सांगणारा माणूस थापाच मारतो. लायनरचा खर्च सिलिंडर उघडण्याच्या मानाने किरकोळ, एवढं नक्की.

हो, थरथर प्रत्येक वेळी गाईडमुळेच असते असं नाही. तेलात हवा असेल, टाकीतलं तेल कमी असेल, थंडीत सकाळी तेल जड झालं असेल, व्हॉल्व्ह बिघडला असेल, तरी लिफ्ट थरथरते. पण तुमच्याकडे थरथर आणि गळती दोन्ही आहे, म्हणून माझा संशय शूवर. आणि कृपा करून स्वतः शाफ्टमध्ये डोकावू नका, सोसायटीतल्या हौशी इंजिनिअरलाही उतरू देऊ नका. लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या.

फक्त त्याला कोटेशनमध्ये "पुलीच्या चौकटीचे शू तपासले" ही ओळ लिहायला लावा आणि काढलेले लायनर ताब्यात घ्या. "त्याची काही गरज नसते" असं म्हणाला, तर तो आमच्या साहेबांच्याच हाताखाली शिकलेला असणार.